कोरडी हाळी

हिराजी मोकल या माणसाला माणखारात समोर सगळे ‘हिराजीभाऊ’ म्हणत आणि पाठ वळली की ‘कोरडा’. प्रणालीच्या कानांवर लहानपणापासून बापाचं हे दुसरं नाव पहिल्यापेक्षा जास्त वेळा पडलं होतं. शाळेत तिला कोणी ‘मोकलांची’ म्हणालंच नाही. ती ‘कोरड्याची पोर’.

हे नाव कसं पडलं ते सांगायचं तर आधी बांधाचं सांगायला हवं. माणखार गाव खाडीच्या पाण्यापेक्षा सखल आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मध्ये मातीचा लांबलचक बांध. पूर्वजांनी खाडीच्या तोंडातून ही जमीन काढून घेतली आणि खाडी तेव्हापासून ती परत मागते आहे. बांध कोणा एकाचा नाही. तो जोळीचा, म्हणजे सगळ्या गावाचा. बांधातून पाणी झिरपताना दिसलं की ज्याला दिसेल त्यानं थाळा वाजवत हाळी द्यायची, आणि हाळी कानावर आली की हातातलं टाकून घरोघरच्या सगळ्यांनी फावडं-घमेलं घेऊन धावायचं. ताप असो, सुतक असो, पानावर बसलेला असो. का, कशाला, कोणी विचारायचं नाही. असा कायदा असला की हाळी देणाऱ्यावर एकच अट येते, ती म्हणजे त्याची हाळी खरी असली पाहिजे.

प्रणाली दुसरीत होती तेव्हा सर्वपित्री अवसेच्या भर दुपारी हिराजीनं हाळी दिली. गाव वाढलेली पानं टाकून धावलं. पितर उपाशी राहिले, कावळ्यांची मात्र चंगळ झाली. हिराजी सगळ्यांना वाकणात घेऊन गेला. वाकण म्हणजे बांध जिथं खाडीकडे वळतो ती, गावापासून सर्वांत लांबची जागा. तिथं पाहतात तर बांध ठणठणीत कोरडा. “हितून धार येत व्हती,” हिराजी बोट दाखवत म्हणाला. सगळ्यांनी बोटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि कोणीतरी हसलं. ते हसू गावानं आजतागायत जपून ठेवलं आहे. हिराजी मात्र पुढं कधी त्याबद्दल बोलला नाही. प्रणालीनं एकदा विचारलं होतं, “बाबा, खरंच पाणी होतं?” तो म्हणाला, “व्हतं गो.” तिनं मान डोलावली आणि मनात ठरवून टाकलं की नव्हतं. सगळं गाव खोटं आणि आपला बाप तेवढा खरा, असं मानायला मोठं काळीज लागतं. तिचं दुसरीतलं होतं.

पुढं समुद्र दरवर्षी थोडाथोडा वर चढू लागला. किनाऱ्यावरची तीन खारगावं नकाशातून पुसली गेली. मुंबईला भिंती मिळाल्या, माणखाराला वनजाई मिळाली.

वनजाई तशी गावाला नवी नव्हती. खाडीच्या कडेला, तिवरांच्या पाठीमागे तिची झुडपं आपोआप वाढतात. पांढरी फुलं आणि त्यांतून बाहेर आलेले लांब, जांभळट लाल केसर. पानं इतकी कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. संशोधन केंद्राच्या डॉ. शर्वरी केळुसकर आल्या, त्यांनी गावाला शाळेच्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की ही तुळशीची चुलत बहीण आहे. वनस्पतिशास्त्रात आधी तिला भलत्याच कुळात टाकलं होतं, मग नीट तपासल्यावर तुळस आणि पुदिन्याच्या कुळात आणलं.

“या कुळाची एक खोड आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “ही झाडं वासानं बोलतात. एका झाडाला किडीनं खाल्लं की ते एक वास सोडतं आणि शेजारचं झाड सावध होतं. आम्ही वनजाईच्या जनुकांत एवढंच केलं की तिच्या मुळांना अचानक खारं पाणी लागलं की पानांतून एक ठरावीक वास सुटावा. त्या वासाचं दुसरं काहीही या खाडीत नाही. बांधाच्या आतल्या, गोड्या पाण्याच्या अंगाला आपण ती लावायची. बांधाच्या पोटातून खारं पाणी झिरपू लागलं की डोळ्यांना दिसण्याआधी मुळांना कळेल.”

“मग यंत्रंच पुरायची की मातीत,” कोणीतरी म्हणालं.

“पुरून पाहिली. चिखलात सहा महिन्यांत कुजतात, वायरी खेकडे तोडतात. झाड स्वतःची दुरुस्ती स्वतः करतं.”

वास हुंगायला मात्र यंत्र लागायचंच. जेवणाच्या डब्याएवढी ती पेटी बांबूवर बसवलेली असे. गावानं तिला नाव दिलं हुंगणी. वादळात टॉवर बंद पडतात म्हणून हुंगणी इंटरनेटच्या वाटेला न जाता थेट एका फोनला संदेश धाडी. तो फोन ज्याच्याकडे, तो बांधराखी. त्यानं जागेवर जाऊन पाहायचं आणि मग थाळा वाजवायचा. शेवटचा शब्द माणसाचाच असला पाहिजे, असा जोळीचा हट्ट होता. प्रणाली अलिबागच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, म्हणून फोन तिच्याकडे आला. जोळीचे पुढारी काशिनाथ पाटील तिच्या हातात तो देताना हसून म्हणाले, “बघ हां बाय, कोरडी हाळी नको.” सगळे हसले. प्रणालीही हसली. घरी येऊन मात्र तिनं फोन फळीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाठ करून बसली.

दोन वर्षं बरी गेली. झुडपं कमरेएवढी झाली. तुळशीची बहीण म्हटल्यावर बायका तुळशीच्या लग्नात तिलाही हळदकुंकू वाहू लागल्या. हुंगणी तीनदा वाजली, तिन्ही वेळा प्रणालीनं जाऊन पाहिलं, तिन्ही वेळा खेकड्याचं बीळ ओलं झालेलं होतं आणि चार माणसांत काम भागलं. उधाणाला पाळी लावून बांध फिरायची जुनी पद्धत हळूहळू सुटली. झाडं आहेतच की, असं सगळे म्हणू लागले.

कार्तिकी पौर्णिमेला प्रणालीचा साखरपुडा होता. मुलगा निनाद ठाकूर, रेवदंड्याच्या बाजूचा, बोटींच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा. मुलगा सरळ, पण त्याची आई एकेक शब्द तोलून घेणारी. “गावात तुमचं घराणं कशावरून ओळखतात?” असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. प्रणालीची आई चटकन म्हणाली, “बांधावरचे मोकल.” प्रणालीनं खाली पाहिलं होतं.

अंगणात मांडव होता. पौर्णिमा असल्यामुळे भर दुपारी उधाणाची भरती. गावातले निम्मे लोक पंगतीला बसलेले, कापलेलं भात शेतात वाळत पडलेलं. प्रणाली पाटावर बसली होती, होणारी सासू तिची ओटी भरत होती आणि कमरेला खोचलेला फोन थरथरला.

तिनं पदराआड हात घालून पाहिलं. ‘वाकण. वास आला.’

वाकण हे नाव तिनं दोनदा वाचलं. दुसरी कुठलीही जागा असती तर कदाचित ती उठलीही असती. पण वाकणच? पाटावरून उठायचं, ओटीतले तांदूळ सांडायचे, बांधावर पळायचं, आणि तिथं काही नसलं तर? पंगतीतून कोणीतरी नक्की म्हणणार की बापाची लेक शोभते. मग सासूबाई विचारणार, का हो, काय झालं होतं हिच्या बापाचं? तिला ते हसू जसंच्या तसं ऐकू आलं. तिनं बोटानं चाचपून फोन बंद केला. पाहुणे गेले की जाऊन बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की झाड दोन-तीन भरत्या आधी सांगतं.

पाहुणे दिवेलागणीपर्यंत गेले नाहीत. नंतर निनाद अंगणाच्या कोपऱ्यात बोलत उभा राहिला. त्यानंतर ती दमली होती. खरं म्हणजे ती विसरली नव्हती, आणि हेच तिला पुढं कधी स्वतःला माफ करू देईना.

सकाळी गाव उठलं ते पाण्याच्या आवाजानं. रात्रीच्या भरतीत वाकणात खांड गेली होती. बांधाला घर जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि खाडी आत आली होती. शेतांवर राखाडी पाणी पसरलं होतं, त्यावर भाताचे भारे तरंगत होते. भागाआत्या, हिराजीची चुलत बहीण, एकटी विधवा बाई, गुडघाभर पाण्यात उभी राहून आपले भारे ओढून आणत होती. ते कशाच्या कामाचे नाहीत हे तिलाही माहीत होतं. जमिनीतलं मीठ धुऊन निघायला आता तीन पावसाळे लागणार होते, आणि आत्याला दुसरं उत्पन्न नव्हतं. हुंगणी बांबूसकट वाहून गेली होती. प्रणालीनं फोन उघडला, संदेश पुसला आणि घमेलं घेऊन चिखलात उतरली. त्या दिवशी तिनं कोणापेक्षाही जास्त माती वाहिली. तिला वाटलं होतं, तेवढ्यानं बरं वाटेल.

चार दिवसांनी खांड कशीबशी बुजली आणि जोळ शाळेच्या ओट्यावर बसली.

“झाड बोललंच नाय,” काशिनाथ पाटील म्हणाले. “आपुन त्याच्यावर भरवसा ठेवला आन् पाळी सोडली. उद्यापासून वनजाई उपटायची. मुळांनी बांध पोकरला, तो येगलाच.”

“सगली उपटायची?”

“सगली. खोटं झाड बांधावर कशाला?”

आता बोलायला हवं, हे प्रणालीला कळत होतं. पुढची अवस दहा दिवसांवर होती. झाडं गेली, पाळी सुटलेली, आणि बांध नुसता ओल्या मातीचा. आत्याचं गेलं तसं उरलेल्यांचंही जाणार. तिनं तोंड उघडलं. परत मिटलं. बायकांच्या घोळक्यात ती आपल्या पायांकडे बघत उभी राहिली.

“झाड बोलला व्हता.”

हिराजी उभा होता. टोपी हातात होती.

“फोन वाजला दुपारी. पोर पाटावर व्हती, फोन माज्याकडं व्हता. मना वाटलं, परत कोरडा निंगाला तं? पावन्यांसमोर? मीच बंद केला. झाडांना हात लावू नका.”

मागून कोणीतरी पुटपुटलं, “कोरडा तो कोरडाच.” या वेळी कोणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. भागाआत्या उठली, हिराजीकडे न बघता त्याच्या समोरून निघून गेली. त्या भावाला ती दर भाऊबीजेला ओवाळत आली होती.

प्रणाली तेव्हाही बोलली नाही.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “बाबा, तुम्हाला कसं कळलं?”

“तुजं तोंड बघितलं ना मी, पाटावर,” तो म्हणाला. “तसं तोंड मना ठावं हाय.” मग पायांचा चिखल खरवडत म्हणाला, “तू गप र्‍हा. माजं नाव गेलेलंच हाय. गेलेल्यात आनखी काय जानार? तुजं लगीन हाय.”

जोळीत दंड नसतो. दंड भरून मोकळं होता येतं, म्हणून असेल. बांधावर माती टाकताना गाव ओळीनं उभं राहतं आणि भरलेलं घमेलं हातोहात पुढं जातं. ज्यानं हाळी चुकवली त्याच्या हातून घमेलं घ्यायचं नाही, एवढीच शिक्षा. दुसऱ्या दिवशी बांध पक्का करायला ओळ लागली तेव्हा हिराजी नेहमीच्या जागी उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं सरकली आणि एकमेकांच्या जवळ गेली. तो थोडा वेळ रिकामे हात घेऊन उभा राहिला. मग त्यानं आपलं घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि ओळीच्या कडेनं, वाकणापर्यंत एकटा चालत गेला. परत आला, पुन्हा भरलं. साठी उलटलेला माणूस. प्रणाली ओळीत होती. तिच्या हातून घमेली जात होती. बाप जवळून जाताना ती दर वेळी दुसरीकडे बघायची.

आठवड्याभरानं डॉ. केळुसकर आल्या. जोळीनं झाडं राहू दिली होती; डॉक्टरांनी नवी हुंगणी बसवली, ती आता काशिनाथ पाटलांच्या फोनला जोडली. मग प्रणालीला घेऊन त्या वाकणात उतरल्या. खांडीची एक कड अजून उघडी होती. कापलेल्या बांधाचे थर दिसत होते. डॉक्टरांनी बोटानं माती खरवडली आणि थांबल्या.

“हे बघ. इथली माती वेगळी आहे. बारीक, मऊ गाळ. आणि ही अशी नळीसारखी आरपार गेलेली आहे. इथं पूर्वी कधी पाझर फुटला होता का?”

प्रणालीनं नळीत बोट घालून पाहिलं.

“भरतीच्या वेळी पाण्याला जोर असतो, तेव्हा नळीतून धार येते,” डॉक्टर सांगत राहिल्या. “ओहोटी लागली की जोर जातो आणि पाण्यातला गाळ नळीतच बसतो. नळी आपोआप बुजते. वरून बांध ऊन खाऊन तासाभरात सुकतो. मग ती वर्षानुवर्षं गप्प असते. गेली नाही, नुसती गप्प. पुनवेच्या रात्री तीच उघडली.”

“म्हणजे कोणी भरतीला पाहिलं,” प्रणाली सावकाश म्हणाली, “आणि तो गावात जाऊन माणसं घेऊन आला...”

“तर माणसांना कोरडाच बांध दिसणार. पण त्याचं ऐकून तेव्हाच इथं खणून माती ठोकली असती तर ही खांड गेली नसती.”

प्रणाली तिथंच चिखलात बसली. डॉक्टरांना वाटलं, मुलीला चक्कर आली; त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. ‘व्हतं गो,’ तो म्हणाला होता. एवढ्या वर्षांत एकदाच विचारलं आणि त्यानं एकदाच सांगितलं होतं. गावानं विश्वास ठेवला नाही ते गावाचं. पण तिनंही ठेवला नाही. ज्या माणसाची तिला आयुष्यभर लाज वाटत आली, त्याच्याकडे लाज वाटण्यासारखं काही नव्हतंच. ते सगळं तिच्याकडे होतं.

अवसेच्या सकाळी तिनं निनादला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “लग्न झाल्यावर सांगितलं असतंस तर?”

“तेव्हा तुला नाही म्हणता आलं नसतं,” ती म्हणाली.

“आईशी बोलतो मी,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्याचा फोन पुन्हा आला नाही.

दुपारी भरती टिपेला आली तेव्हा प्रणालीनं फळीवरचा पितळी थाळा काढला. काशिनाथ पाटलांचा फोन वाजला नव्हता. झाडं शांत होती. ती गल्लीच्या तोंडाशी गेली आणि थाळा वाजवत तिनं हाळी दिली. आवाज फाटत होता, पण पोचत होता. घराघरांतून माणसं निघाली. जेवणाचे हात तसेच. सगळ्यांच्या पुढं हिराजी धावत होता, फावडं खांद्यावर. त्याला कोणी ओळीत घेणार नव्हतं, तरी तो सगळ्यांच्या पुढं होता.

वाकणात सगळे धापा टाकत थांबले. बांध कोरडा होता. खांडीच्या दोन्ही कडांना उरलेली वनजाई फुलली होती, केसर वाऱ्यावर हलत होते.

“कुठं हाय पानी?” काशिनाथ पाटलांनी विचारलं.

“नाय,” प्रणाली म्हणाली. “आज नाय. आज मी खोटी हाळी दिली. माज्या बाबांनी कवा दिली नाय. त्यांना दिसली ती धार खरी होती, ती हितूनच आली होती, डॉक्टरांनी नळी दाखवली मना. आपुन सगली पोचलो तवा सुकती लागली होती, पानी उतरलं होतं.” तिनं थाळा खाली ठेवला. “आन् पुनवेला फोन त्यांच्याकडं नव्हता. माज्याकडं होता. वाजला, मी वाचला, मी बंद केला. पावन्यांना तुमी ‘कोरडा’ बोललेलं कलेल, म्हनून. आत्याचं भात माज्यामुलं गेलं. त्यांनी माजं आपल्या आंगावर घेतलं आन् मी घेऊ दिलं.”

ती एकेकाच्या तोंडाकडे बघण्याचा प्रयत्न करत होती, पण नजर कोणाच्याही छातीच्या वर जाईना. हिराजीनं फावडं खाली टेकवलं होतं आणि तो खाडीकडे बघत होता. त्याचा चेहरा रागावल्यासारखा दिसत होता. एवढी वर्षं सोसलेलं ते बदनाम नाव, त्याच्याकडे देण्यासारखी तेवढी एकच गोष्ट, त्यानं लेकीला पांघरायला दिली होती; ती तिनं सगळ्यांसमोर परत केली.

भागाआत्या पुढं आली. प्रणालीला वाटलं, आता ती मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“आलोच हाव सगली,” आत्या मागे वळून म्हणाली. “वाकण अजून कच्चंच हाय. घमेल्यांची ओल लावा.”

गाव ओळीनं उभं राहिलं. हिराजी बाजूलाच उभा होता, सवय झाल्यासारखा. त्यानं आपलं घमेलं भरलं आणि डोक्यावर घ्यायला उचललं, तेवढ्यात आत्यानं दोन्ही हात पुढं केले.

“दे हिकडं, हिराजी.”

त्यानं दिलं. आत्यानं ते पुढच्याला दिलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. काशिनाथ पाटील सरकले आणि ओळीत एका माणसाची जागा झाली. हिराजी त्या जागेत जाऊन उभा राहिला. घमेली येत होती आणि त्याला ती पुढं द्यावी लागत होती.

प्रणाली ओळीच्या टोकाशी गेली. तिथल्या दोन बायका सरकल्या आणि एकमेकींच्या जवळ गेल्या. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग आपलं घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि ओळीच्या कडेनं वाकणाकडे चालू लागली. बापाजवळून जाताना या वेळी तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता.